भाड्याच्या गाद्यांचा प्रभाग

नकाशा महापालिकेच्या जिन्यात लावला होता आणि जिन्यात दिवा नव्हता. लोक मोबाइलचा उजेड पाडून आपापली गल्ली शोधत होते. मी नांदेडला आयुष्यभर भूगोल शिकवला, त्यामुळं कुठल्याही नकाशासमोर उभा राहिलो की मला आधी राग येतो आणि मग तो वाचता येतो. ह्या नकाशात उत्तर दिशा दाखवलेली नव्हती आणि प्रमाणही दिलेलं नव्हतं. प्रभागाची नवी हद्द लातूरच्या जुन्या पेठेतून निघून, भाजीबाजाराच्या मागून, उघड्या नाल्यावर उडी मारून थेट क्लासेसच्या भागात शिरली होती. त्या जागी नाल्यावर पूल नाही. म्हणजे एकाच प्रभागातल्या दोन माणसांना भेटायचं झालं तर दुसऱ्या प्रभागातून वळसा घालावा लागणार. माझ्या एखाद्या विद्यार्थ्यानं असला आकार काढला असता तर मी त्याला वहीसकट घरी पाठवलं असतं.

"आपलं घर कुठंय?" अक्कानं विचारलं.

मी बोट ठेवलं.

"म्हंजे आता आपण पेठेत गेलो की."

"पेठ आपल्यात आली," मी म्हणालो.

"ते कोण कोणाच्या उरावर बसतंय त्यावर हाय," असं म्हणून ती भिंतीला धरत जिना उतरली.

अक्का माझी थोरली बहीण. नवरा गेल्यापासून ती लातूरला क्लासेसच्या भागात खानावळ चालवते. हा भाग ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की तिथं डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांची संख्या झाडांच्या पानांपेक्षा जास्त आहे. मुलं येतात जळकोटहून, किल्लारीहून, पार माहूरहून. मुलगी असली तर सोबत आईसुद्धा येते. दोन वर्षांसाठी एक खोली, एक गॅस, एक पंखा. बाप गावाकडं शेत बघतो आणि आई इथं मुलीला उठवते, झोपवते, मधल्या वेळात भिंतीकडं बघत बसते. अशा रिकाम्या बसलेल्या आया एकेक करून अक्काच्या स्वयंपाकघरात शिरल्या. कोणी भाकऱ्या थापायला लागली, कोणी भाजी निवडायला. बोलावलं कोणालाच नव्हतं. त्या खानावळीला त्या माहेर म्हणतात, आणि माहेरी ऐकावं लागतं तेवढं त्यांना तिथं ऐकावंही लागतं.

नाला ह्या स्वयंपाकघराच्या मागून जातो. पावसाळ्यात तो आत येतो. एका वर्षी पिठाचा डबा तरंगत चुलीपाशी आला, तेव्हा अक्का नगरसेवकांकडं गेली. माणूस सभ्य. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाले, "अक्का, नाला झाकायला माझी कुठं ना हाय? पण तुमच्या मागं मतं किती, तेवढं सांगा." अक्का अर्धा चहा टाकून उठली. आमच्या घराण्यात चहा टाकणं ही फार मोठी गोष्ट आहे. वडिलांनी माझ्या लग्नाच्या बोलणीतही टाकला नव्हता, आणि तिथं कारण होतं.

पुढं आरक्षणाची सोडत निघाली आणि आमच्या प्रभागातल्या चारांपैकी दोन जागा बायकांसाठी सुटल्या. त्यांत नगरसेवकांची जागा गेली. त्यांनी त्याच दिवशी बायकोला उभं केलं. फलकावर दोघांचे फोटो होते, त्यांचा मोठा आणि तिचा बारका. तिला प्रत्यक्ष मी मतमोजणीच्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. अक्कानं चार दिवस वाट पाहिली, मग भाकरी थापता थापता मला म्हणाली, "मी उभी ऱ्हायलेय."

"कुठल्या पक्षाकडून?"

"माझ्याकडून."

मी नकाशा वाचायला म्हणून दोन दिवसांसाठी आलो होतो आणि सोडतीपर्यंत थांबलो होतो. नांदेडला बायकोला फोन केला की मुक्काम आणखी वाढतोय. ती म्हणाली, "ऱ्हावा तिकडंच. इथं टीव्हीवर रागवायलाव, तिथं माणसांवर रागवा."

मतदारसंघाच्या कापाकापीचा मला जुना अनुभव आहे. आमचं मूळ गाव लोह्याकडचं. जिल्हा नांदेड, कलेक्टर नांदेडचा, दवाखाना नांदेडचा, आणि मागच्या फेररचनेपासून खासदार मात्र लातूरचा. माझ्या चुलत्याला हे शेवटपर्यंत पटलं नाही. तो दर निवडणुकीला केंद्रात जाऊन आधी नांदेडच्या उमेदवाराचं नाव विचारायचा, तो नाही म्हटल्यावर भांडायचा आणि मग मत देऊन यायचा. आता पुन्हा जनगणना झाली की खासदारकीचे मतदारसंघ नव्यानं कापणार म्हणतात. कोण कुठं जाईल ते कापणारालाच ठाऊक. माझं स्वतःचं मत नोकरीमुळं नांदेड शहरात आहे, आणि ते मी आजवर एकदाही चुकवलेलं नव्हतं.

तर मी नकाशाची नक्कल उतरवून घेतली आणि रंगीत पेन्सिली आणल्या. हिरवी म्हणजे आपलं, लाल म्हणजे त्यांचं, पिवळी म्हणजे जेवणानंतर ठरणारं. प्रभागातला प्रत्येक उमेदवार त्या दिवसांत हेच करत होता. पेठेत मराठे किती, लिंगायत किती, मुसलमान किती, बौद्ध वस्ती केवढी, मारवाड्यांची दुकानं किती आणि त्यांतली घरं किती, ह्याची आकडेमोड पानटपरीवर उघड चालायची. सगळ्या उमेदवारांच्या हक्काच्या मतांची बेरीज केली तर ती मतदारांपेक्षा बरीच जास्त भरत होती. कोणालाच त्याची फिकीर नव्हती. बेरीज करणं हे हरणाऱ्याचं काम आहे असं तिथं मानतात.

पेठेतला माझा आधार म्हणजे गादीवाले चाचा. त्यांच्या तीन पिढ्या त्याच दुकानात कापूस पिंजत आल्या. अक्काशी त्यांचं जुनं घरोब्याचं नातं. मी विचारलं, तुमच्या मोहल्ल्याची मतं एकगठ्ठा कुठं जाणार? चाचा हसले नाहीत. म्हणाले, "मास्तर, तमाम लोक आम्हाला एकगठ्ठा म्हणतेत. माझ्या घरात सहा मतं हायत. सहा दिशेनं जातेत. जेवाया तेवढे एका जागी बसतो." मी पेठ पिवळी रंगवली.

पण मला पेठेची गरजच नव्हती. नव्या हद्दीनं क्लासेसचा अख्खा भाग आमच्या प्रभागात आणला होता आणि तिथं घराघरात, खोलीखोलीत अक्काची माणसं होती. मी आणि अक्का दारोदार फिरलो. जिथं जाऊ तिथं बायका पदर सावरून बाहेर यायच्या, हळदीकुंकू लावायच्या. जळकोटची एक बाई होती, अक्काच्या भाकऱ्यांची मुख्य कारभारीण. ती पुढं होऊन दारं वाजवायची. अक्का एवढंच म्हणायची, "उभी ऱ्हायलेय ग. पाठीशी ऱ्हा." आणि आतून उत्तर यायचं, "हाव अक्का. हे काय सांगणं झालं?" एका दारात दोन हाव, एका जिन्यात वीस. मी हिरव्या पेन्सिलीला दोनदा टोक काढलं. संध्याकाळी कागद भिंतीला लावून लांबून पाहिला तर हिरवा रंग नाला ओलांडून पेठेत शिरतोय असं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, मला फार अभिमान वाटला.

मतदारयादी आधीच मिळत होती. मी आणली नाही. चाचांनी दोनदा सुचवलं, तर मी त्यांना म्हणालो, "यादीत मेलेली माणसं जास्त असतात. मी जिवंत माणसं मोजतो." हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते आणखी चार ठिकाणी वापरलं.

माघारीची मुदत संपल्यावर अक्काला चिन्ह मिळालं टेबल. तिच्या खानावळीत आजवर एक टेबल नव्हतं, सगळे खाली पट्ट्यांवर बसतात. जळकोटच्या बाईनं कुठूनसं एक टेबल आणून दारात ठेवलं, आणि येणारा जाणारा त्याला नमस्कार करायला लागला.

पण हे नंतरचं. अर्ज मागं घ्यायच्या मुदतीच्या आदल्या दिवशी, केवळ मतदारांच्या चिठ्ठ्या लिहायच्या म्हणून, मी यादी विकत आणली. पेठेची पानं जाड होती. क्लासेसच्या भागाची पानं मी चाळली, मग छपाईत पानं गळाली असतील म्हणून पुन्हा चाळली. ज्या चार मजली इमारतीत मी वीस हाव मोजले होते, तिथं यादीत घरमालक, घरमालकाची बायको आणि घरमालकाची आई होती. घरमालक मुलाकडं पुण्याला असतो. आई वारलेली होती. मी यादी घेऊन चाचांकडं गेलो.

चाचा कापूस भरत होते. त्यांनी यादीकडं पाहिलंसुद्धा नाही. "मास्तर, त्या भागात गाद्या मी देतो. भाड्यानं. जूनमधी जातेत, परीक्षा झाली की वापस येतेत. मला बघून ठाऊक हाय. ज्याची गादी भाड्याची, त्याचं मत गावाकडं."

"तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं की. यादी आणा म्हणलो. तुम्ही जिवंत माणसं मोजत होता."

मला तेव्हा कुठं कळलं. प्रभाग पाडतात तो माणसं मोजून, आणि जिंकतात ती मतं मोजून. लोकसंख्या आणि मतदार ह्यांतला फरक मी नववीच्या वर्गाला दर वर्षी फळ्यावर लिहून द्यायचो. नाल्याच्या आमच्या बाजूला माणसांचा पूर होता आणि मतांचा दुष्काळ. हिरवा रंग सगळा खोट्या जागी लागला होता.

त्याच संध्याकाळी नगरसेवकांचा माणूस मला भेटायला आला. माझ्यासारखीच बेरीज त्यांनीही केली असावी, आणि त्यांनाही क्लासेसच्या भागाची धास्ती बसली असावी. निरोप साधा होता. अक्कांनी अर्ज मागं घ्यावा, निवडून आल्यावर पहिलं काम नाल्यावर स्लॅब. माझ्या हातात यादी होती. मी अक्काला निरोप सांगितला, शब्दन् शब्द सांगितला. यादीचं सांगितलं नाही. माझा अंदाज साफ चुकलाय हे थोरल्या बहिणीला सांगायला माझी जीभ रेटेना. ती म्हणाली, "सांग त्याला, न्हाई म्हणून." मी जाऊन न्हाई म्हणून सांगितलं. रात्रभर मला स्वतःची लाज वाटत राहिली, आणि सकाळी उठून मी पुन्हा चिठ्ठ्या लिहायला बसलो.

मतदानाच्या दिवशी, केंद्र होतं त्या शाळेपासून ठरलेल्या अंतरावर आमचं चिठ्ठ्यांचं टेबल मांडलं. तेच ते दारातलं. सकाळी साडेसातला गल्लीच्या तोंडाशी बायका दिसल्या. दिवाळीच्या साड्या, केसात फुलं, प्रत्येकीच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्ड. एवढ्या आया एका ठिकाणी मी क्लासच्या निकालालाही पाहिल्या नव्हत्या. जळकोटची बाई सगळ्यांत पुढं होती.

"द्या मास्तर चिठ्ठी."

"बाई, तुमचं नाव ह्या यादीत नाही."

"हाय की. आधारावर लातूरचाच पत्ता हाय. गॅससाठी बदलून घेतला न्हाई का."

मी समजावलं, आधार वेगळं आणि यादी वेगळी. तुमचं मत गावाला आहे. तिनं पिशवीतून कार्ड काढून उलटसुलट पाहिलं.

"म्हंजे मी दोन वरीस झालं इथं ऱ्हायलेय, अन् मत तिकडं एकटंच काय करायलंय?"

मागच्या बायकांपर्यंत बातमी पोचली. वाटलं आता जातील. त्या गेल्या नाहीत. रांगेनं आत जाऊन आल्या, केंद्रावरच्या माणसाकडून एकेकीनं "नाव नाही" हे स्वतःच्या कानांनी ऐकून घेतलं. मग समोरच्या भिंतीच्या सावलीत ओळीनं बसल्या, सावली सरकली की त्याही सरकायच्या. कोणी घोषणा दिली नाही, कोणी काही मागितलं नाही. त्यांना बसलेलं पाहून नगरसेवकांच्या लोकांची पाचावर धारण बसली. त्यांना वाटलं ही सगळी मतं पडून बसली आहेत. त्यांनी घाईनं आणखी रिक्षा सोडल्या आणि पेठेतलं म्हातारंकोतारं उचलून आणून मतदान करवलं. म्हणजे त्या बायकांमुळं त्यांचीच मतं वाढली. मला टेबलावर बसून हे सगळं दिसत होतं.

अक्का दहा वाजता आली, मत देऊन बाहेर आली आणि तिनं भिंतीकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. "आज समद्या माझ्याकडंच जेवाया," एवढं बायकांना सांगून ती परत गेली.

मतदान संपल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. ती पीठ मळत होती.

"यादीचं तुला कधी कळलं?" तिनं विचारलं.

"माघारीच्या आदल्या दिवशी."

"अन् बोलला न्हाईस."

"न्हाई. लाज वाटली."

ती पीठ मळत राहिली. मग म्हणाली, "दर आमदारकीला, खासदारकीला माझी खानावळ दोन दिस बंद ऱ्हाती. का ऱ्हाती, कधी इचारलंस? समद्या गावाला जात्यात मत टाकाया. त्या दोन दिसात मी लोणचं घालते."

मला बसायला काही सापडेना, मी पिठाच्या डब्यावर बसलो. "म्हणजे तुला पहिल्यापासून ठाऊक होतं."

"ह्यात ठाऊक असाया काय लागतंय? मला वाटलं बायांना बी ठाऊक असंल. आधाराचं माझ्या बी ध्यानात आलं न्हाई."

"मग मी एवढा फिरलो, रंगवलं..."

"तू रंगवायलास, खूश दिसायलास. म्हणलं रंगवू दे."

"अक्का, मग माघार का नाही घेतलीस? नाला तरी झाकला असता."

आता ती थांबली. पिठाचे हात तसेच परातीत. "ह्या बाया मला तोंडावर हाव म्हणल्या. मतं न्हाईत म्हणून त्यांना सोडून मी स्लॅब घेऊ? मंग त्याच्यात अन् माझ्यात फरक काय?" तिचा आवाज फुटला होता. मी माझ्या बहिणीला नवऱ्याच्या वेळेनंतर रडताना पाहिलं नव्हतं. रडलीही नाही तशी. तिनं दंडानं नाक पुसलं आणि पुन्हा मळायला लागली.

निकाल दुसऱ्या दिवशी लागला, तो इथंच सांगून टाकतो. नगरसेवकांच्या पत्नी निवडून आल्या. अक्का तिसरी आली. तिची जी काही मतं पडली ती जवळपास सगळी पेठेतली होती, जिथं मी पिवळा रंग लावला होता. चाचांनी शपथेवर सांगितलं की ह्या खेपेला त्यांच्या घरातली सहाही मतं एका दिशेला गेली. नाला अजून उघडा आहे.

पण मला आठवते ती मतदानाची संध्याकाळ. पंगत खानावळीत मावेना, म्हणून गल्लीत पट्ट्या टाकल्या. आया, मुली, मधे मी. बायकोचा फोन येऊन गेला होता. नांदेडचंही मतदान त्याच दिवशी, ती टाकून आली होती, माझं वाया गेलं होतं. त्या संध्याकाळी अख्ख्या शहरात माणसं भेटली की एकमेकांना आधी बोट दाखवत होती. आमच्या पंगतीत कोणी दाखवत नव्हतं. सगळे उजव्या हातानं जेवत होते आणि डावे हात मांडीवर ठेवलेले होते, ओळीनं, स्वच्छ. माझाही. अक्का ओळीतून वाढत येत होती. डाव्या हातावर भाकऱ्यांची चवड, आणि त्या भाकऱ्या धरलेल्या बोटाला शाई. एवढ्या माणसांत शाईचं बोट ते एकच होतं.

मी ताटातली भाकरी नुसतीच मोडत बसलो होतो. ती माझ्यापाशी थांबली, ताटात आणखी एक भाकरी टाकली.

"खा," ती म्हणाली. "उद्या निकाल हाय. उपाशी हरू ने."